ओल्या गोणपाटातली बाटली

रीत म्हणजे रीत. तिला ‘का’ म्हणून विचारणाऱ्याचंच तोंड दुखतं, रीतीचं काही जात नाही. खुशालरावांच्या घराण्यातली रीत अशी, की लेक लग्न करून दिली की तिला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. आजोबांनी पाळली, वडिलांनी पाळली. त्यांच्या लेकींना वर्षा-दोन वर्षांत लेकरं झाली, पाळणे हलले, आजोबांनी तांब्याभर पाणी पिऊन मिशा पुसल्या, संपलं. कोणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते प्रणालीचं.

शेंदूरजनाघाटच्या या संत्रा बागायतदाराची एकुलती लेक अकोल्याला दिली, त्याला बारा वर्षं होत आली. खुशालराव दर दोन-तीन महिन्यांनी लेकीकडे येत. येताना पोतंभर संत्री आणत आणि स्वतःचं पाणीही स्वतःच आणत. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली, तिच्या अंगाला सुतळीनं शिवलेलं गोणपाट आणि ते गोणपाट विहिरीवर भिजवून ओलंगच्च केलेलं. लेकीच्या सोफ्यावर बसायचं, जावयाशी संत्र्याच्या भावावर बोलायचं आणि तहान लागली की पिशवीतून बाटली काढून घटाघटा प्यायची. चहा समोरच्या टपरीवर. प्रणालीनं आणलेला ग्लास ट्रेमधून तसाच परत स्वयंपाकघरात जायचा.

त्या बाटलीचा प्रणालीला मनस्वी राग होता. टीपॉयवर तिचा ओला गोल डाग पडायचा, तो पुसताना शेजारीण बसलेली असली तर हमखास विचारायची, “पप्पा घरून पाणी आणतात वाटतं?” मग सांगा तिला सगळी रीत. सांगून झालं की शेजारीण पदराशी चाळा करत म्हणणार, “होईल हो, देवाच्या मनात असलं की होईल.” बाप बिचारा लेकीवर जीव टाकणारा, त्याच्या मनात काही नव्हतं. पण ती बाटली दर खेपेला येऊन चारचौघांत सांगून जायची, की या घरात अजून पाळणा हललेला नाही.

आणि आता तो हलणारही नव्हता. तीनदा दिवस गेले, तिन्ही वेळा पोटातच संपलं. दिवाळीनंतर तर गर्भपिशवीच काढून टाकावी लागली. आई, दुर्गाबाई, दवाखान्यात उशाशी बसून होती. खुशालरावांना मात्र सांगितलं, की पोटात गाठ होती, काढली, आता ठणठणीत आहे. प्रणालीनं आईला गळ्याची शपथ घातली होती.

“काहून लपवतं वो बाई बापापासून?” आईनं विचारलं होतं.

“मी सांगन तवा सांगन,” प्रणाली म्हणाली. “तू बोलू नको.”

लपवायचं कारण तिनं फक्त नवऱ्याला सांगितलं. जीवनचं अकोल्याच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं दुकान. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, नाश्त्याच्या गाड्या असलं काम. माणूस शांत. तो म्हणाला, “सरळ सांगून टाक न बाबाले. एका वाक्याचं काम हाय. आयकलं की पेतीन पानी.”

“तेच तर नाही पाह्यजे मले,” प्रणाली उसळली. “आयकलं की कीव येऊन पेतीन. मले कीवीचं पानी पाजाचं नाही. काही माहीत नसताना, मी त्यायची लेक हाय म्हनून पेलं पाह्यजे. एक डाव. एकच ग्लास.”

झालं. एवढंच तिला हवं होतं. लोक लेकरासाठी देव पाण्यात घालून बसतात; हिनं लेकराचा नाद सोडला आणि बापाच्या एका ग्लासासाठी हट्ट धरला.

त्या हट्टातूनच ती चाकांची खोली तयार झाली. कोण्या हौशी गिऱ्हाइकानं जीवनकडे कॅरव्हॅन करायला दिली आणि सांगाडा उभा राहिल्यावर अंग काढून घेतलं. सांगाडा शेडमध्ये धूळ खात पडला. ऑपरेशननंतर घरी बसून भिंतींकडे बघण्यापेक्षा प्रणाली दुकानात जाऊन बसू लागली आणि एक दिवस त्या सांगाड्याकडे बघताबघता तिच्या मनात आलं, याला चाकं आहेत. आरटीओवाले याला गाडी म्हणतात, घर म्हणत नाहीत. मग यातलं पाणी लेकीच्या घरचं कसं? आणि टाकीत बाबांच्याच विहिरीचं पाणी भरलं तर? आता बोला!

जीवननं पत्रे ठोकले, बाक केले, छोटं बेसिन बसवलं, गाडी भाड्यानंही देता येईल म्हणाला. पण पाण्याचं काम प्रणालीनं कोणाला करू दिलं नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघूनबघून ती शिकली. बाकाखाली शंभर लिटरची टाकी, टाकीच्या कडेला जेवणाच्या डब्याएवढा बॅटरीवर चालणारा पंप, तिथून बेसिनच्या नळापर्यंत पाइप आणि नळाशेजारी लाल दिव्याचं बटन. पहिल्यांदा जोडलं तेव्हा तीन ठिकाणी गळलं. चौथ्यांदा जमलं. त्या दिवशी तिनं बेसिनसमोर उभं राहून रडून घेतलं आणि मग बापाला फोन केला.

“बाबा, फेब्रुवारीत चिखलदऱ्याले जाऊ. तुमी, आई अन् आमी दोघं. गाडी आमची, पानी तुमचं.”

“येऊ न बेटा,” खुशालराव म्हणाले. त्यांना ‘पानी तुमचं’ यात काही गोम असेल असं वाटायचं कारण नव्हतं.

बोलेरोच्या मागं कॅरव्हॅनचा तो डबा लावून ती दोघं शेंदूरजनाघाटला पोचली, तेव्हा बागेत तोडा चालू होता. संत्री तोडणाऱ्या बाया टोपल्या ठेवून धावल्या. “माय वो, व्हॅनिटी आली! हिरोईन कोन हाय आतमंधी?”

“माही लेकच हिरोईन,” दुर्गाबाई म्हणाल्या आणि पुढं होऊन लेकीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

खुशालराव डब्याभोवती दोन चकरा मारून आले. चाकं दाबून पाहिली, पत्र्यावर बोटानं वाजवून पाहिलं. जन्म मोटरपंपांशी झगडण्यात गेलेला माणूस. पाण्याची टाकी म्हटल्यावर त्यांचे डोळेच चमकले.

“बाबा, तुमच्याच हातानं भरा,” प्रणालीनं बाहेरच्या बाजूचं झाकण उघडून दिलं.

त्यांनी विहिरीवरचा पाइप ओढत आणला, तोंड झाकणात धरलं आणि टाकी काठोकाठ भरून पाणी बाहेर सांडेपर्यंत हलले नाहीत. मग प्रणाली त्यांना आत घेऊन गेली. बाया दाराशी दाटीवाटीनं उभ्या राहिल्या.

“हे बटन दाबा. लाल दिवा लागला का पंप तयार. आता नळ उघडा.”

खुशालरावांनी नळ उघडला. बाकाखाली घर्र झालं, नळ फुसफुसला, ठसकला, दोन-तीनदा पाणी थुंकला.

“याले तं खोकला झाला!”

“हवा हाय आतमंधी. जाऊ द्या तिले. पाह्या, आता येते.”

धार सरळ झाली. स्वच्छ, थंड, त्यांच्याच विहिरीची. मग प्रणालीनं नळ बंद करायला सांगितला. नळ बंद झाला आणि पंप आपोआप गप्प बसला.

“आँ? थांबलाच कसा? त्याले कोनं सांगतलं?”

“त्याले समजते बाबा. नळ उघडला का चालते, बंद केला का थांबते. निंगाच्या वक्ती बटन बंद कराचं, अन् टाकी खाली असली तं लावाचाच नाही. कोरडा चालला का जळते.”

“माह्या मोटरले एवढी अक्कल असती तं मी कायले रात्रीबेरात्री विहिरीवर पळालो असतो?” म्हणत त्यांनी नळ पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. घर्र, गप्प. घर्र, गप्प. साठी उलटलेला माणूस, पण पोराला पिपाणी मिळावी तसा त्या नळाशी खेळत राहिला. मग हात धुतले, तोंड धुतलं, मानेवरून ओला हात फिरवला आणि “वा!” म्हणाले.

हीच वेळ. प्रणालीनं नवा कोरा स्टीलचा ग्लास नळाखाली धरला. पंप चालला, ग्लास भरला. तिनं तो दोन्ही हातांनी पुढं केला.

“घ्या बाबा. हे काही घर नाही. गाडी हाय. पानी तुमच्या विहिरीचं, भरलं तुमच्या हातानं.”

खुशालराव ग्लासाकडे बघतच राहिले. मग लेकीचा डाव त्यांच्या ध्यानात आला आणि ते मोठ्यांदा हसले. खरंच मायेनं हसले, हे सांगितलं पाहिजे.

“अवो, चाकं लावले म्हनून घर काय घर राहत नाही? जिथं लेकीचा हात तेच लेकीचं घर. घाई कायची हाय बेटा? तुह्या लेकराच्या हातानं पेईन न. एक ग्लास कायले, घागर पेईन!”

बाया खिदळल्या. दुर्गाबाईंनी मान फिरवली. खुशालरावांनी पिशवीतून गोणपाटातली बाटली काढली, मान वर करून प्याले आणि लेकीच्या डोक्यावर ओला हात ठेवला. प्रणालीनं ग्लास बेसिनमध्ये ओतला, बटन बंद केलं आणि म्हणाली, “चला, उशीर होते.”

परतवाडा मागं पडलं आणि घाट लागला. दुपारचं ऊन फेब्रुवारीतच चटके देत होतं. एका वळणावर कोणाची तरी जीप बॉनेट उघडून उभी होती, धूर निघत होता, डोक्याला रुमाल बांधलेला ड्रायव्हर येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत होता. जीवननं गाडी बाजूला घेतली. इंजिन जरा निवलं, पण तो मागच्या टाकीतून बादली भरून आणेपर्यंत खुशालरावांना कुठला धीर! त्यांनी बाटली काढली आणि सगळीच्या सगळी त्या जीपच्या रेडिएटरमध्ये रिकामी केली. ड्रायव्हर पाया पडायचा राहिला. खुशालराव रिकामी बाटली काखेत मारून परत आले.

पुढच्या दोन वळणांत त्यांना ठसका लागला. घसा कोरडा पडला होता. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. प्रणालीनं गाडी थांबवायला लावली, मागं जाऊन ग्लास भरून आणला.

“बाबा, घोटभर घ्या.”

त्यांनी हातानंच नाही म्हटलं. खोकतखोकतच म्हणाले, “समोर गाव हाय. हापशी असन.”

“दुसऱ्याच्या गाडीले पानी पाजता तुमी! वयख ना पायख! अन् माह्या हातचं तुमाले चालत नाही?”

“गाडीले रीत नसते बाई,” ते म्हणाले आणि तसल्या खोकल्यातही तिची समजूत घालायला हसले.

आता मात्र तिचं डोकं फिरलं. ‘रीत, रीत! जे होणारच नाही त्याची वाट पाहून राहिले तुमी!’ असं ओठांपर्यंत आलं. तिनं ते दातांखाली दाबलं. आता बोललं तर जन्मभर कीवीचंच पाणी. तिनं ग्लास रस्त्याच्या कडेला पळसाच्या बुडाशी ओतला आणि गाडीत येऊन बसली. गावात हापशी होती. खुशालराव ओंजळीनं पोटभर प्याले, बाटली भरली, गोणपाट भिजवलं आणि काहीच झालं नाही असे येऊन बसले. दगडावर डोकं आपटावं तर दगडाला काय त्याचं!

चिखलदऱ्याला जीवनच्या ओळखीच्या एका माणसाच्या आवारात डबा उभा केला. दुर्गाबाईंनी घरून आणलेली शिदोरी सोडली. पिठलं-भाकर खाऊन झाल्यावर खुशालराव म्हणाले, “देवीले जाऊन येऊ.”

देवीपुढं नारळ ठेवला, हळद-कुंकू वाहिलं. दुर्गाबाई डोळे मिटून उभ्या होत्या. प्रणाली मागं. आणि खुशालरावांनी हात जोडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, शेतातल्या गड्याला हाक मारावी तशा खड्या आवाजात नवस बोलला.

“माय, माह्या पोरीची ओटी भर. पोरगा दे नाही तं पोरगी दे, मले दोन्ही सारखेच. लेकराच्या हातचं पानी पेलो का हा पुरा घाट अनवानी चढून येतो. आन् तवरिक पायात चप्पल घालत नाही.”

आणि त्यांनी तिथंच चपला काढून बाजूला सरकवल्या.

दुर्गाबाईंनी डोळे उघडून त्या चपलांकडे बघितलं. खुशालरावांना दहा वर्षांपासून साखर. मागच्या पावसाळ्यात टाचेला काटा लागला तर जखम भरायला चार महिने गेले होते, डॉक्टरनं बजावलं होतं की अनवाणी अंगणातसुद्धा उतरायचं नाही. आणि हा माणूस काट्याकुट्याच्या बागेत अनवाणी फिरायचं म्हणत होता. किती दिवस? जे लेकरू कधी येणार नव्हतं, ते येईपर्यंत.

परत आल्यावर प्रणाली बाहेर शेगडीवर चहा ठेवत होती. तिनं बघितलं, आवाराच्या टोकाला एका धोंड्यावर आई-बाबा बसले होते. आई बोलत होती. बाबा खाली मान घालून ऐकत होते. मधूनच आईनं पदर डोळ्यांना लावला. बाबांनी एकदा मान वर करून डब्याकडे बघितलं, चहाच्या शेगडीकडे, लेकीकडे, आणि लगेच नजर वळवली. चहा उतू गेला तरी तिला कळलं नाही.

खुशालराव उठले आणि एकटेच दरीच्या बाजूला चालू लागले. चपला पायात होत्या. दुर्गाबाईंनी त्या नवसाच्या जागेवरून उचलून आणल्या होत्या आणि त्यांनी मुकाट्यानं घातल्या होत्या.

दुर्गाबाई शेगडीपाशी आल्या. “सांगून देलं वो बाई मी,” म्हणून मटकन खाली बसल्या. “तुही शपथ मोडली. काय करू? थो पाय सडवून घेतला असता त्यानं.”

प्रणाली आईवर चिडणार तरी कशी? तिनं आईचा हात हातात घेतला. “बरं केलं,” ती म्हणाली. मग म्हणाली, “आता पेतीन थे पानी. पाह्य तू. पन मले जसं पाह्यजे होतं तसं नाही पेणार.” आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून, ऑपरेशनच्या वेळी रडली नव्हती तेवढी ती तिथं रडली.

अंधार पडताना खुशालराव परत आले. अर्धी भाकर खाल्ली. पाणी प्याले नाहीत, बाटलीला हातही लावला नाही. जीवन उगाच काही तरी गाडीच्या टायरांचं बोलत राहिला, बिचाऱ्याला तेवढंच जमत होतं.

सकाळी चांगलीच थंडी होती. जीवन आणि दुर्गाबाई दूध आणायला गेले होते. प्रणाली बाहेर भांडी घासत होती, तेवढ्यात डब्यात पंप बोलला. घर्र. गप्प. पुन्हा घर्र. पुन्हा गप्प. तिनं हात तसेच राखेचे ठेवले आणि आत गेली.

खुशालराव बेसिनसमोर उभे होते. अंघोळ झालेली, अंगात धुवट सदरा, लाल दिवा लागलेला, हात नळावर. बाकावर बाटली आडवी पडली होती. गोणपाट वाळून कडक झालं होतं. बारा वर्षांत ते कोरडं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

“पानी पाह्यजे होतं,” ते म्हणाले.

“घ्या न मंग. येऊन तं राहिलं नळाले.”

“मी कसा घेऊ? लेकीनं द्या लागते.”

प्रणालीनं हात धुतले. पदरानं पुसले. ग्लास घेतला आणि बापाकडे वळली. “आईनं सांगतलं म्हनून ना?”

“नाही बेटा. तहान लागली म्हनून.”

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसानं खोटं बोलावं तसं ते बोलले. नजर नळावर, आवाज घोगरा. मग बाकावर बसले, ती कोरडी बाटली मांडीवर घेतली आणि गोणपाटाची सुतळी नखानं टोकरत राहिले.

“तुले हिचा राग ये, हे मले कालपर्यंत नाही समजलं,” ते म्हणाले. “दर खेपेले हिले विहिरीवर भरो न, तं मनात म्हनो, आता ही शेवटची. आता पुढच्या खेपेले अकोल्याले गेलो का टुकूटुकू चालत, अर्धं सांडवत, कोनी तरी ग्लास घेऊन यीन. कधी पोरगा दिसे मले, कधी पोरगी. पोरगी असली का तुह्यासारखी दिसे, दोन शेंड्यायची. मी तिचं नावबी ठेवलं होतं.”

त्यांनी नाव सांगितलं नाही. प्रणालीनंही विचारलं नाही. तिच्या हातातला ग्लास जड झाला.

आता तिला समजलं. अन् समजलं ते केव्हा! डॉक्टरनं हात टेकले होते. जीवननं मन आवरून घेतलं होतं. आईनं देवाला मागणं सोडलं होतं. तिनं स्वतः तर कधीचंच सोडलं होतं. लहान मुलांची दुकानं लागली की ती रस्ता बदलायची. या सगळ्या जगात तिच्या लेकराची वाट बघणारा एकच माणूस उरला होता, आणि तो दर खेपेला गोणपाटातली बाटली घेऊन येत होता. बाटली होती तोवर कोणी तरी वाट बघत होतं. आणि ती वेडी बारा वर्षं त्या बाटलीवर दात खात बसली होती.

“बाबा,” ती म्हणाली, “राहू द्या. नका पेऊ.”

“दे वो माय,” खुशालराव म्हणाले. लेकीला त्यांनी आजवर कधी माय म्हटलं नव्हतं. “दे. तुह्या हातचं पेतो.”

तिनं नळ उघडला. बाकाखाली पंप घुरघुरला, धार पडली, ग्लास भरला. तिनं दोन्ही हातांनी दिला, त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. कपाळाला लावला आणि सगळा प्याले, सावकाश, मधे न थांबता. गळ्याची घाटी वर-खाली होताना ती बघत होती. एकेका घोटाबरोबर तिच्या आतून काही तरी निघून जात होतं आणि ओरडून थांबवावं तर कोणत्या तोंडानं? हाच ग्लास तिनं मागितला होता. यासाठीच तर तिनं हा सगळा डबा बांधला होता.

“गोड हाय,” ते म्हणाले. “आपल्याच विहिरीचं.” आणि मिशा पुसल्या. घराण्यातल्या सगळ्या आजोबांनी पुसल्या होत्या, तशाच.

प्रणाली बेसिनच्या काठाला धरून उभी राहिली आणि तिला हुंदका आवरेना. नळ तसाच वाहत होता, पंप तसाच घरघरत होता. खुशालराव उठले. लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, दुसऱ्या हातानं नळ बंद केला, मग तिनं शिकवलं होतं तसं बटन दाबून दिवा घालवला.

“बस बेटा,” ते म्हणाले. “बस.” पण त्यांचाही आवाज फुटला होता. बाप-लेक त्या चार हातांच्या खोलीत एकमेकांना धरून किती तरी वेळ रडत राहिले. दूध घेऊन आलेली दोघं दाराशीच थांबली.

निघायच्या आधी प्रणालीनं ती बाटली उचलली आणि आवाराबाहेरच्या हापशीवर गेली. स्वतः दांडा मारून बाटली भरली. गोणपाट दाबूनदाबून भिजवलं, ओलंगच्च केलं. परत येऊन ती बापाच्या पिशवीत, नेहमीच्या जागी, उभी ठेवली. खुशालरावांनी ते बघितलं.

गाडी घाट उतरली. बाटली पिशवीत तशीच होती, पिशवी पायाशी होती, गोणपाटाचं पाणी गाडीत ठिबकत होतं. प्रणालीचं सगळं लक्ष त्या पिशवीकडे. आता काढतील, मग काढतील. काढली तर वाट बघणं अजून संपलेलं नाही.

परतवाड्याला चहासाठी गाडी थांबली. खुशालराव खाली उतरले, मागं डब्यापाशी गेले आणि दारात उभ्या असलेल्या लेकीला म्हणाले, “बाई, पानी दे वो थोडंसं.”

तिनं बटन दाबलं, ग्लास भरला आणि दिला.